दप्तरातली नावे

माझ्या खेडच्या घरापर्यंत उपासनामंदिराच्या घंटेचा नाद पोहोचत नाही. पहाटे मोहल्ल्यातून अजान येते, शिमग्याच्या दिवसांत भरण्याच्या काळकाईच्या नावाने ढोल घुमतात, चतुर्थीच्या आधी चाकरमान्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांचे भोंगे स्टेशनाच्या बाजूने रात्री-अपरात्री ऐकू येतात, आणि आषाढ लागला की या साऱ्या नादांवर जगबुडीच्या पाण्याचा घोष चढतो. नगर जिल्ह्यातल्या ज्या गावात मी वाढलो तेथे रविवारच्या पहिल्या घंटेला आया मुलांची अंगे घासू लागत, दुसरीला स्वच्छ धोतरे आणि नऊवारी लुगडी रस्त्यावर दिसू लागत, आणि तिसरीला पाळकसाहेब पवित्र शास्त्र उघडीत. त्यामुळे देव केव्हा भेटतो आणि कोठे भेटतो, हा प्रश्न आम्हां मुलांच्या मनात कधी उद्भवलाच नाही. पुढे सरकारी नोकरीने मला घाटाखाली आणले, उमेदीची वर्षे तहसील कचेरीच्या दप्तरात गेली, निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी येथेच राहण्याचे ठरवले. आणि देवाच्या सान्निध्याविषयी मला जे काही थोडेफार उमगले असेल, ते या घंटेवाचूनच्या वास्तव्यात उमगले.

घंटा नसली तरी कुटुंबप्रार्थना होती. रात्रीची जेवणे आटोपली, भांडी घासून पालथी घातली, की एक स्तोत्र, शुभवर्तमानातला एखादा उतारा, उपासना संगीतातले एक गीत, आणि मग प्रार्थना, हा क्रम माझ्या वडिलांच्या घरात होता आणि तोच माझ्या घरात आला. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या प्रार्थनेत अलंकार नसत, भावनेचा उमाळाही फारसा नसे, नावे असत. देवाची स्तुती आणि पापांची कबुली एवढे झाले की ते गावातली माणसे एकेक करून घेऊ लागत: विहिरीचे काम अर्धवट राहिलेला शेतकरी, बाळंतपणाला माहेरी आलेली कोणाची तरी लेक, परीक्षेला बसलेला वर्गातला मुलगा, आणि ज्याच्या व्याजाने अर्धे गाव बांधले गेले होते तो सावकारसुद्धा. आम्ही भावंडे झोपेने पेंगत असू आणि नावांची ही माळ केव्हा संपते याची वाट पाहत असू. शास्त्री लोक हिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. वडील तिला काहीच म्हणत नसत. सावकाराचे नाव कशासाठी, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की उद्या सकाळी तो मला रस्त्यात भेटेल आणि मला त्याला नमस्कार करायचा आहे.

या उत्तरातला अर्थ मला कचेरीत आल्यावर कळू लागला. महसूल खात्याच्या कामात माणूस समोर येण्यापूर्वी त्याचे नाव समोर येते, आणि तेही एकटे येत नाही. अर्जदार, सामनेवाले, खातेदार, कूळ, मयत, बेपत्ता, अज्ञान पालनकर्ता अशी काही ना काही उपाधी लावून येते. कोकणातले सातबारे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की चार-दोन गुंठ्यांच्या वरकस जमिनीवर कधी कधी इतकी नावे चढलेली असतात की त्या सर्वांना त्या जमिनीत एकाच वेळी उभे राहायलाही जागा पुरणार नाही. त्यांतली निम्मी मुंबईत, काही आखातात, काही कोणालाच ठाऊक नाहीत अशा ठिकाणी. आणि पुष्कळदा जी बाई प्रत्यक्ष ती जमीन कसते, नांगराच्या मागे चिखलात उभी राहते, तिचे नाव इतर हक्काच्या रकान्यात किंवा तेथेही नाही. वारसाची नोंद, हरकत, फेरफार, मंजुरी या वाटेने ती बाई वर्षानुवर्षे चालत असते. तिच्या मूळ कागदावर माझ्या आधी तीन कारकुनांचे शेरे असत आणि माझ्यानंतर कदाचित आणखी दोघांचे व्हायचे असत.

कोणत्याही संकल्पावाचून, निव्वळ वडिलांची सवय अंगात मुरलेली म्हणून, या दप्तरातली नावे संध्याकाळच्या प्रार्थनेत येऊ लागली. प्रथम ज्यांचे काम त्या दिवशी झाले नव्हते त्यांची आली, नंतर ज्यांचे काम होणे कायद्याने शक्यच नव्हते त्यांचीही. प्रार्थनेत उपाधी चालत नाही, हे मला त्या वेळी जाणवले. देवापुढे ‘सामनेवाले क्रमांक दोन’ असे म्हणताच येत नाही, जीभ अडखळते. तेथे माणसाचे नाव घ्यावे लागते, आणि नाव घेतले की त्याच्यामागे त्याचा चेहरा, त्याची छत्री, सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीतून पहाटेची पहिली एसटी पकडून यायला त्याला लागलेले श्रम, त्याने पिशवीत बांधून आणलेली भाकरी, हे सगळे उभे राहते. दुसऱ्या दिवशी तोच माणूस टेबलापुढे आला म्हणजे त्याला मी ओळखत असे. त्याला ते ठाऊक नसे. त्याच्या कामाला त्यामुळे नियमबाह्य गती मिळाली असे घडले नाही, घडू देणे योग्यही नव्हते. परंतु त्याला बसायला सांगणे, त्याच्या कागदात काय कमी आहे ते एकाच खेपेत पूर्ण सांगणे, तो म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकून घेणे, एवढ्या गोष्टी ज्या सेवापुस्तकात कोठेही लिहिलेल्या नसतात, त्या आपोआप होऊ लागल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण भक्तीविषयी लिहिणारे पुष्कळदा तिच्यावर मध घालतात. काम हीच प्रार्थना, असे सरसकट म्हणण्याइतका मी धीट नाही. काम हे काम असते. तेथे थकवा असतो, वरिष्ठांचा दबाव असतो, मार्चअखेरची वसुली असते आणि समोरच्याचा संताप असतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठाच्या मुदपाकखान्यात भांडी घासता घासता ज्यांनी देवाच्या सहवासाचा अखंड अनुभव घेतला, त्या ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तवा परतताना आणि वेदीपुढे गुडघे टेकताना त्यांच्या मनात भेद उरला नव्हता असे त्यांचे सोबती सांगत आले. मला तशी अखंडता लाभली नाही. माझ्या वाट्याला आलेली जाणीव बहुधा उशिराची आहे. लूकच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाकडे जाणारे ते दोन शिष्य आपल्याबरोबर चालणाऱ्या वाटसरूशी मैलोगणती बोलत राहतात, त्याला अनोळखी समजून त्याच्याच मरणाची हकीकत त्याला सांगतात, आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्याने भाकर मोडली तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडतात. आणि उघडतात न उघडतात तोच तो दिसेनासा होतो. त्या दोघांविषयी मला फार आपुलकी वाटते. दिवसभर जो माझ्यापुढे उभा होता तो कोण होता, हे मला रात्री त्याचे नाव घेताना कळते, आणि त्या वेळी तो आंबवलीच्या एसटीतून केव्हाच घरी पोहोचलेला असतो.

या भूमीला हा विषय नवा नाही. खेडच्या शेजारच्या दापोली तालुक्यातले करजगाव हे नारायण वामन टिळकांचे जन्मगाव. १८६१ साली जन्मलेला हा कवी नाशिकला संस्कृत शिकला, गावोगाव हिंडला, आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित युरोपीय गृहस्थाने हातात ठेवलेल्या नव्या कराराने अस्वस्थ झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ते दिसतेही. टिळकांच्या प्रतिभेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र या विषयात त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे अधिक वळावेसे वाटते, कारण देव घरात कोणत्या दाराने येतो हे त्या बाईने जितके प्रत्यक्ष पाहिले तितके आपल्या भाषेत फार थोड्यांनी पाहिले आहे.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे विलक्षण होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू पाण्यातून काढली पाहिजे, मीठसुद्धा धुऊन घेतले पाहिजे, असा त्यांचा दंडक. आणि त्या दंडकाखाली भरडल्या गेलेल्या घरात ही मुलगी वाढली. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. ती वर्षानुवर्षे त्याच्यापासून दूर राहिली, रडली, आजारी पडली, आणि पुन्हा एकत्र राहू लागली तेव्हाही आपले सोवळे-ओवळे घेऊनच त्याच्या घरात आली. तिचे मन वादविवादाने वळले नाही. टिळकांसारखा वक्ता घरात असून त्यांच्या वक्तृत्वाचा तिच्यावर परिणाम झाला नाही, ही गोष्ट धर्मोपदेश करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकटीनेच विचार करता करता माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही असे तिच्या मनाने घेतले. कोणाच्याही हातचे खायला आणि प्यायला ती तयार झाली. आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, झाला. आधी हात पुढे झाला, मग मस्तक पाण्याखाली गेले. नगरात प्लेग आला तेव्हा याच हातांनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. मीठ धुऊन घेणाऱ्या बापाची लेक गाठ आलेल्या परक्या मुलीच्या उशाशी बसली, याहून मोठा चमत्कार मला शुभवर्तमानाबाहेर शोधावासा वाटत नाही.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून मराठी वाचक त्या पुस्तकावर त्यातल्या विनोदासाठी आणि निर्मळपणासाठी लोभ करीत आला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे त्या घरातली वर्दळ. टिळकांनी रस्त्यातून कोणाला तरी घेऊन यावे, घरात पीठ आहे की नाही याचा विचार करू नये, आणि लक्ष्मीबाईंनी त्रागा करता करता त्याला वाढावे, हा प्रकार त्या संसारात सतत चालू असे. दुष्काळातली पोरकी मुले आली, शिकणारी मुले आली, तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला त्याच घरात राहिले आणि त्या घरचे झाले. टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उघडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना त्यात एकत्र बसण्याचे आमंत्रण दिले; पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते गेले आणि दरबार मागे पडला. पण मला वाटते, तो दरबार साताऱ्याच्या कितीतरी आधी लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात भरत होता. टिळक प्रार्थनेला बसत तेव्हा देव त्यांना भेटत असेलच. लक्ष्मीबाईंना तो पाटावर बसलेला सापडे, आणि त्याला आणखी एक भाकरी हवी असे.

सेवेविषयी बोलताना तिच्या हिशेबाविषयीही बोलले पाहिजे. ख्रिस्ती माणसाने कोणाला औषधपाणी केले, कोणाचे मूल शिकवले, की त्यामागे काही अंतस्थ हेतू असेल अशी शंका आपल्या समाजात घेतली जाते. ती शंका सर्वस्वी निराधार होती असे इतिहासाचा प्रामाणिक वाचक म्हणणार नाही, आणि ती सर्वस्वी खरी होती असेही म्हणणार नाही. आमच्याच किनाऱ्याचे पाहा. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल येथे आले आणि त्याच वर्षी मरण पावले. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड, स्टीव्हन्सन हे आले, बाणकोट आणि हर्णै येथे त्यांनी ठाणी केली, आसपासच्या खेड्यांत मराठी शाळा काढल्या. पुढे मुंबईत ज्यांचे नाव महाविद्यालयाला लाभले ते जॉन विल्सन १८२९ साली आले तेव्हा त्यांनीही मराठीचा अभ्यास प्रथम याच किनाऱ्यावर केला. ज्या हेतूने हे लोक आले त्या हेतूच्या दृष्टीने पाहिले तर जमेच्या बाजूला जवळजवळ काही दिसत नाही. बाप्तिस्मा घेणारे नगण्य, ताप-हिवताप मात्र भरपूर, आणि काही वर्षांतच मिशनचा मुख्य भार येथून हलून मुंबई-पुण्याकडे गेला.

त्यानंतर अर्ध्या शतकाने दापोलीच्या कॅम्पात एस. पी. जी. मिशनची शाळा आली, जी आज आल्फ्रेड गॅडने यांच्या नावाने चालते. त्या शाळेत चिपळूणकडचा एक हुशार मुलगा शिकला. पांडुरंग वामन काणे हे त्याचे नाव. त्याने पुढे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिला, १९३० पासून १९६२ पर्यंत त्याचे खंड निघत राहिले, आणि १९६३ साली त्याला भारतरत्न मिळाले. त्याच शाळेत पालगडचा एक हळवा मुलगा शिकला, तो पुढे साने गुरुजी झाला आणि पंढरीच्या विठोबाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली प्राणांतिक उपोषणाला बसला. ख्रिस्ती मिशनच्या बाकांवर बसून एकाने हिंदू धर्मशास्त्राचे सर्वांत मोठे भांडार रचले आणि दुसऱ्याने विठ्ठलाचे मंदिर सर्वांसाठी उघडून घेतले, हे पाहून कोणी त्या मिशनरींची कीव करील. मला त्यांचा अभिमान वाटतो. दिवा लावणाऱ्याने उजेडात कोणी काय वाचावे हे ठरवायचे नसते. ज्या देवाच्या नावाने त्या शाळेत सकाळची प्रार्थना होत असे, तो त्या दोन मुलांच्या आयुष्यात नव्हता, असे म्हणण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही. तो तेथे होता, आणि आपल्या सेवकांच्या अपेक्षेबाहेरचे काम करीत होता.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रातला एक प्रसंग या संदर्भात मला नेहमी विचार करायला लावतो. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले, आणि विधवा मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असे त्यांचे वचन होते. त्या स्वतः ख्रिस्ती. सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात काहूर उठले, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले, मुलींना घरचे घेऊन गेले. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी वाचले आहे, आणि पालकांचे भय मला समजते. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांच्या भावनेचा उपहास करण्याचे कारण नाही. पण उघडे दार मला अधिक समजते. दार लावून प्रार्थना केली असती तर वाद टळला असता, आणि ज्या मुलींना जगाने सगळी दारे लावली होती त्यांना आणखी एक लावलेले दार दिसले असते. पुढे दुष्काळांत केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो मुली आणि बाया आल्या, विहिरी खणल्या गेल्या, छापखाना चालला, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. स्वतःची प्रकृती ढासळली. तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्या करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. प्रार्थना कोठे संपली आणि सेवा कोठे सुरू झाली हे त्या आयुष्यात बोट ठेवून दाखवता येत नाही.

खेडमध्ये २२ जुलै २०२१ ला पाणी आले तेव्हा मी निवृत्त होतो. जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरणे आम्हांला नवे नाही, पाऊस दोन दिवस न थांबता कोसळला की व्यापारी माल वर चढवू लागतात. पण त्या रात्रीचे पाणी वेगळे होते. खाली चिपळूण बुडाले होते, तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे गाडली गेली होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हता. आमचे घर उंचावर म्हणून वाचले. आम्ही दोघांनी मेणबत्ती लावून नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली आणि मी नावे घेऊ लागलो. घेता घेता लक्षात आले की नदीकाठच्या आळ्यांतले जवळजवळ प्रत्येक घर मला दप्तरातून ठाऊक आहे. कोणाचा सिटी सर्व्हे नंबर काय, कोणाच्या घराला मागचा जिना आहे, कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, हे सारे ज्ञान जे मी कचेरीत निव्वळ कारकुनी म्हणून साठवले होते, ते त्या रात्री याचना होऊन बाहेर पडले. देव त्या रात्री कोठे होता, हा प्रश्न पोसरेच्या डोंगराखाली ज्यांची माणसे राहिली त्यांनी विचारला तर त्यांच्यापुढे मी कोणतेही उत्तर ठेवणार नाही. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसून जे केले ते थोर होते. बोलायला लागल्यावर त्यांनी ते घालवले.

सकाळी पाणी ओसरू लागल्यावर मी काय पाहिले तेवढे सांगतो. गुडघाभर चिखलातून मोहल्ल्यातली पोरे खिचडीचे टोप घेऊन फिरत होती आणि दारे वाजवताना आत कोण राहते हे पाहत नव्हती. गणेशोत्सव मंडळाच्या मुलांनी औषधांच्या दुकानातला चिखल उपसला. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या अंगात फावडे चालवण्याचे बळ नव्हते, म्हणून मी एका दुकानाच्या ओट्यावर बसून पंचनाम्यासाठी लोकांचे अर्ज लिहून दिले. भिजलेली शिधापत्रिका, पासबुक, मिळेल तो कागद पाहून नाव, वय, नुकसानीचा तपशील. जवळ बसलेल्या एका बाईने सगळा तपशील सांगून झाल्यावर विचारले, “भाऊसाहेब, माझी कोंबडी गेली ती लिहायची काय?” मी लिहिली. नियमात तिला भरपाई मिळते की नाही याचा विचार मी त्या क्षणी केला नाही; ती तिची होती आणि तिची दखल कोणीतरी घ्यावी असे तिला वाटत होते, एवढे पुरे होते. एक चिमणीसुद्धा पित्याच्या नकळत भुईवर पडत नाही या वचनावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्या ओट्यावर ते वचन मला लिहावे लागले.

प्रार्थना रुक्ष होते, असे दिवसही येतात, आणि वय वाढते तसे ते अधिक येतात. शब्द ओठांवर असतात, मन विजेच्या बिलात किंवा गुडघ्याच्या दुखण्यात असते, आणि ज्याला उद्देशून बोलायचे त्याच्या असण्याची कसलीही संवेदना होत नाही. अशा वेळी मी भावना जागवण्याचा खटाटोप करीत नाही. नावे घेतो. ज्या देवाने प्रत्येकाला नावाने हाक मारली असे आम्ही मानतो त्याच्याशी बोलायला याहून अधिक काही लागत असेल तर ते माझ्याजवळ नाही. आणि अनुभव असा की कोठेतरी पाच-सहा नावांनंतर एखाद्या नावापाशी मन थबकते. ह्याला पुष्कळ दिवसांत पाहिले नाही, असे वाटते. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी त्याच्याकडे जातो, आणि तो खरोखरच आजारी असतो किंवा खरोखरच एकटा असतो. कधी तो ठणठणीत असतो आणि मला चहा पाजून परत पाठवतो. दोन्ही वेळा माझे जाणे योग्यच असते.

आतापर्यंत लिहिले ते दुसऱ्याची सेवा करण्याविषयी. सेवा करून घेणे हे याहून कठीण आहे, याचा धडा मला अलीकडे मिळाला. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू कमरेला रुमाल बांधून पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्राने पाय मागे घेतला, तो नम्रतेने घेतला असे आम्हांला लहानपणी शिकवले होते; आता वाटते, त्यात अहंकारही असावा. पत्नीला मधुमेह आहे. गेल्या पावसाळ्यात पायाची जखम चिघळून तिला रुग्णालयात ठेवावे लागले, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची नावे देवापुढे मांडणारा मी रोज सकाळी डबा कोठून आणायचा या विवंचनेत पडलो. शेजारच्या भाभींनी तो प्रश्न मला विचारू दिला नाही. डबा त्यांच्या घरून येऊ लागला, त्यात साखर नाही आणि मीठ बेताचे, हे त्यांनी कोणाला न विचारता सांभाळले. मी संकोचाने काही बोलू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, वहिनींचं नाव मी रोज नमाजानंतर दुव्यात घेते. डबा तर त्याच्यापेक्षा सोपा.”

मी निरुत्तर झालो. ज्या कामाला मी मनोमन आमच्या घराण्याचा वारसा समजत आलो होतो ते काम कुंपणापलीकडे, दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या दिशेला तोंड करून, कोणी माझ्याच घरासाठी करीत होते, आणि किती दिवसांपासून करीत होते याची मला गंधवार्ताही नव्हती. पत्नी घरी आली; जखम भरते आहे, वेळ लागेल असे डॉक्टर सांगतात. भाभींचा धाकटा मुलगा कुवेतला असून कंपनी बंद पडल्यामुळे त्याला दुसरे काम मिळवायचे आहे, हे आम्हांला त्या डब्यांच्या दिवसांत कळले, आणि त्या रात्रीपासून त्याचे नाव आमच्या कुटुंबप्रार्थनेत आहे. धर्माविषयी आमच्यात कधी बोलणे होत नाही. सकाळी कुंपणापाशी भेट झाली की त्या आधी वहिनींची साखर किती निघाली ते विचारतात, मी कुवेतहून काही निरोप आला का ते विचारतो, आणि मग आम्ही पावसाविषयी बोलतो.